मदत हवी आहे: ड्रायरच्या 'वाम्पिर'ची सबटायटल्स जुळत नाहीयेत, शनिवारी दाखवायचाय

धुकं_१९:
शनिवारी आमच्या ग्रुपला डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरचा पिशाच्चपट 'वाम्पिर' (१९३२) दाखवायचाय, सबटायटल्स पुढेमागे करून बघितली पण परत बिघडतात. दोन रात्री गेल्या यात. कुणीतरी लवकर सांगा प्लीज.

गिरणगावकर:
डीव्हीडी आहे की फाइल? लांबी किती? सबटायटल्स कुठली घेतलीत? हे सांगितल्याशिवाय काय सांगणार.

रातराणी:
एवढा जुना म्हणजे मूकपटच ना, सबटायटल्स हवीतच कशाला? आमच्या कॉलेजात 'नोस्फेरातू' या मूकपटाला एका मित्राने पेटीची लाइव्ह साथ दिली होती, अजून अंगावर काटा येतो. तसंच करा.

गिरणगावकर:
रातराणीताई, बोलपट आहे हा. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा तीन भाषांत काढायचा म्हणून शूटिंग आवाजाशिवाय केलं आणि आवाज नंतर बर्लिनला भरला, त्यामुळे संवाद थोडेच आहेत. पण नायक जे पुस्तक वाचतो त्याची पानंच्या पानं पडद्यावर येतात, पिशाच्चाला मारायचं कसं ते त्यातच आहे. ते जर्मनमध्ये राहिलं तर लोकांना काय कळणार?

धुकं_१९:
मित्राने जर्मनीहून आणलेली डीव्हीडी, ७२ मिनिटं. तिच्यात इंग्रजी नाही, म्हणून अमेरिकन डिस्कची सबटायटल्स नेटवरून घेतली. सुरुवातीला बरोबर असतात, शेवटी शेवटी तीनेक मिनिटं मागे पडतात. आणि चित्रही सगळं पांढुरकं, धुरकट दिसतंय, डिस्क खराब आहे का?

प्रकाशझोत:
प्रोजेक्टरचा दिवा गेला असणार. सरळ एलईडीवाला घ्या, मी दोन वर्षं वापरतोय, एकदम कडक चित्र.

जुनी_रीळं:
अहो, प्रोजेक्टरला हात लावू नका! सुरुवातीच्या शूटिंगमध्ये लेन्सवर चुकून उजेड पडला आणि चित्र राखाडी आलं, ड्रायरला नेमकं तेच आवडलं, मग कॅमेरामन रुडॉल्फ मातेने कॅमेऱ्यापुढे पातळ जाळीचं कापड धरून तो धुरकटपणा मुद्दाम आणला. त्यात मूळ निगेटिव्ह हरवलेली, उरल्यासुरल्या प्रिंटवरून हा सिनेमा वाचवलाय. काँट्रास्ट वाढवाल तर शवपेटीच्या काचेतून वरची झाडं आणि आभाळ सरकत जातं तो प्रसंग मरेल.

रातराणी:
पण त्या हीरोला अभिनय येतच नाही हो. पैसे त्याचेच होते म्हणे.

जुनी_रीळं:
हो, बॅरन निकोलस द गुंझबर्ग, ज्युलियन वेस्ट नाव घेऊन केलं काम. बहुतेक मंडळी हौशीच होती. पण झोपेत चालल्यासारखा तो वावरतो म्हणून तर सगळं स्वप्नासारखं वाटतं, मुरलेला नट असता तर हे जमलं नसतं. बर्लिनच्या पहिल्या खेळाला लोकांनी हुर्यो उडवली, ड्रायर मनाने पार खचला आणि पुढचा मोठा सिनेमा थेट १९४३ ला. फार वाईट वाटतं वाचून.

गिरणगावकर:
मूळ प्रश्नाकडे या. जर्मन डीव्हीडी पाल (PAL) पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमने पळते, तुमची सबटायटल्स अमेरिकन डिस्कची, सेकंदाला २३.९७६ फ्रेमची. ७५ मिनिटांचा सिनेमा ७२ मिनिटांत संपतो, म्हणून ती मागे पडतात. नुसतं सरकवून उपयोग नाही, आक्रसावी लागतील. सबटायटल एडिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चेंज फ्रेम रेट घ्या, २३.९७६ वरून २५ करा, आणि मग पहिली ओळ जुळवा.

प्रकाशझोत:
मी तर सेकंद सेकंद हाताने सरकवतो, तेच बेस्ट.

गिरणगावकर:
७२ मिनिटं अंधारात बटण दाबत बसणार का ते?

धुकं_१९:
लागलं!! पार गिरणीत डॉक्टर पिठाखाली गाडला जातो तिथपर्यंत बरोबर. खूप खूप आभार. फक्त त्या पुस्तकाच्या पानांवर पांढरी अक्षरं पांढऱ्यावर येतात, वाचताच येत नाहीत.

गिरणगावकर:
व्हीएलसी प्लेअरमध्ये सबटायटल्सच्या सेटिंगमध्ये बॅकग्राउंड चालू करा, काळी पट्टी येईल मागे. पिवळी करू नका, राखाडी पडद्यावर डोळ्यात खुपतात.