मदत हवी आहे: शाळेचा पट नेमका कसा वाचायचा?

मुलीला पहिलीत घालायचंय. जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेची आकडेवारी घेऊन बसलोय आणि पार गोंधळलोय. पटावर २४० मुलं, शिक्षक १६. म्हणजे पंधरा मुलांमागे एक, ऐकायला छान! पण यात खेळाचे, संगीताचे, विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षकही धरलेले असणार ना? मग प्रत्यक्ष वर्गात किती मुलं, हे कुणाला विचारायचं? मुख्याध्यापकांना थेट?

शिवाय घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांचं प्रमाण १० वरून १५ टक्क्यांवर गेलंय. शेजारी याला ‘मोठा बदल’ म्हणतात. अहो, वाढली ती जेमतेम १२ मुलं! पाच-सहा कुटुंबं राहायला आली की झालं. अशा छोट्या शाळेत किती वर्षांचे आकडे एकत्र बघावेत? शिक्षक मंडळींनी कृपया सांगावं.