वाको १० घ्या, आणि लूप नीट दाखवा

तुमच्या कथेतली मुलगी १९३२ च्या अमेरिकेत जेनी विमानातून कसरतींना जाते, तिथे बदल हवा. १९२६ च्या कायद्यानंतर विमानांना परवाना लागू लागला आणि पहिल्या महायुद्धातल्या जुन्या जेनी त्यात टिकल्या नाहीत. त्याऐवजी वाको १० हे विमान घ्या. पुढच्या कॉकपिटमध्ये दोन प्रवासी, मागे वैमानिक, त्यामुळे धाकटा भाऊही शेजारी बसेल.

त्यातलं ओएक्स-५ इंजिन ९० अश्वशक्तीचं, आठ सिलिंडरचं. व्हॉल्व्हचे रॉकर (झडपा उघडणारे दांडे) उघडे असल्याने हाताने वारंवार ग्रीस भरावं लागे. हे काम मुलीला द्या! यंत्र हाताखालून गेलं की भीती खरोखर उतरते, नुसत्या 'घाबरू नकोस'ने नाही. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारं यंत्र) एकच, तो बिघडला की इंजिन बंद. मग नाक खाली करून वेग राखायचा आणि समोरच्या कुरणात समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं. घाईने धावपट्टीकडे वळलं तर वेग तुटून विमान गिरकीत जातं.

लूपमध्ये, म्हणजे विमानाच्या उभ्या वर्तुळाकार फेरीत, ती 'खाली लोंबकळते' असं लिहिलंय. नीट मारलेल्या लूपमध्ये वरच्या टोकालाही शरीर आसनावर दाबलेलं राहतं. आधी सूर मारून पुरेसा वेग घेतला नाही, तर मात्र माणूस पट्ट्यावर लटकतो. म्हणून पट्टा बांधण्याचा प्रसंग सविस्तर हवाच. १९२६ मध्ये अमेरिकन वैमानिक बेसी कोलमन पट्टा न बांधल्यामुळेच विमानातून बाहेर फेकल्या गेल्या.