ग्लू, अंगठा आणि न उघडणारा फोन : तुमचे अनुभव लिहा

परवा रात्री मॉडेल विमानाचा पंख चिकटवताना सुपरग्लू अंगठ्यावर ओघळला, टिश्यूने पुसेपर्यंत वाळलासुद्धा, आणि तेव्हापासून फोन मला ओळखच देत नाहीये. पाच वेळा अंगठा टेकवला, मग म्हणे ३० सेकंद थांबा. दिव्याखाली धरून बघितलं तर रेषांवर काचेसारखा पापुद्रा, आणि त्यात टिश्यूचा एक तंतू अडकलेला. छंदापायी असं अजून कोणाचं झालंय का? काय केलंत?

---

झालंय ना. मी कानातली बनवते. फार शहाणपणा करून ग्लू लागलेलं बोटच नव्याने नोंदवलं, दोन दिवस झकास चाललं, तिसऱ्या दिवशी आंघोळीत सालपट निघालं आणि परत बोंब! त्याने लक्षात ठेवल्या होत्या ग्लूच्या भेगा, माझ्या रेषा नाहीच.

---

पांढऱ्या गोंदाचं टेन्शन नाही, कोमट पाण्यात चोळलं की वळ्या होऊन निघतो. सुपरग्लू मात्र ओलावा मिळाला की घट्ट होतो आणि बोटाला घाम असतोच, म्हणून कातडी इतक्या पटकन धरतो. गंमत म्हणजे पोलीस तपासात याच ग्लूची वाफ देऊन वस्तूंवरचे ठसे उठवतात, आणि इथे आपलाच ठसा बुजतोय.

---

अ‍ॅसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर लावा, पण ओला ग्लू कापसाने पुसायला जाऊ नका, कापसाला लागला की तो चांगलाच तापतो, मला चटका बसलाय. आधी ग्लू पूर्ण वाळू द्या. आणि हो, अ‍ॅसिटोनने माझं बोट इतकं कोरडं पडलं की ग्लू गेला तरी सेन्सर ऐकेना, शेवटी क्रीम चोळून रात्रभर ठेवलं तेव्हा उघडला.

---

मी पॉलिश पेपरने घासला होता. हसू नका. ग्लूबरोबर रेषाही गेल्या. माझ्या फोनच्या बटणातला सेन्सर कपॅसिटिव्ह आहे, म्हणजे रेषेचा उंचवटा टेकतो, खाच टेकत नाही, त्या फरकावरून तो ठसा वाचतो, आता ग्लूने खाच भरा नाहीतर घासून उंचवटा घालवा, त्याच्या दृष्टीने दोन्ही सपाटच. दोनेक आठवडे पिनवर काढले, मग नवी कातडी आली तशा रेषा जुन्यासारख्याच परत आल्या कारण त्यांचं मूळ खालच्या थरात असतं.

---

डाव्या हाताची करंगळी नोंदवून ठेवा. ग्लूच्या कामात ती कधी मध्ये येत नाही.

---

धागाकर्ता परत आलोय. घासलं नाही, साबणाच्या कोमट पाण्यात बोट बुडवून बसलो होतो दहा-दहा मिनिटं. एक कड सुटलीये, अंगठा तिरका टेकवला तर तीनातून एकदा उघडतोय. टिश्यूचा तंतू अजून तिथेच आहे.