ई-बुक रीडर आवडला, पण मराठी पीडीएफचं काय करायचं?

खिळेजुळारी (पुणे):
नमस्कार मंडळी. उभी हयात मुद्रितं तपासण्यात गेली, त्यामुळे पडद्यावर वाचायचं म्हटलं की मी नाक मुरडतो. मुलीने वाढदिवसाला सहा इंची ई-बुक रीडर हातात ठेवला.

पडदा पाहून चाट पडलो. सारसबागेत भर दुपारी वाचत बसलो, तर अक्षर उन्हात उलट जास्तच ठसठशीत. बंद केला तरी वरचं चित्र तसंच राहतं. मुलगी म्हणाली, आत काळे-पांढरे कण आहेत, ते हलवण्यापुरतीच वीज लागते. इंचाला ३०० ठिपके, त्यामुळे रफार, अनुस्वार भिंगाशिवाय दिसतात. रात्री दिवा न लावता वाचता येतं, हा मुद्दा सौ.नी आवर्जून लिहायला सांगितलाय.

बांधणी मात्र बघवत नाही. दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या हट्टापायी ओळीत खिंडारं पडतात. ‘महाविद्यालयांमध्येसुद्धा’सारखा शब्द आला की यंत्र तो तोडत नाही, अख्खा खाली ढकलतं आणि वर उरलेले तीन शब्द रुसल्यासारखे लांब लांब उभे. एका पुस्तकात तर ल आणि श चक्क हिंदी वळणाचे! असा फॉर्मा मी छपाईला सोडला नसता.

आता प्रश्न. माझ्याकडे मराठी पुस्तकांच्या बऱ्याच पीडीएफ आहेत. डेमी आकाराचं साडेपाच इंच रुंद पान या साडेतीन इंचांत बसवलं की १४ पॉइंटचं अक्षर ९ चं होतं. दहा इंची यंत्र घ्यावं का?

कर्जत_फास्ट:
काका, पैसे घालवायच्या आधी फाइल कसली आहे ते बघा. संगणकावर तिच्यातली एक ओळ निवडा आणि दुसरीकडे चिकटवा. निवडताच आली नाही तर तो नुसता फोटो आहे. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर मजकूर जुन्या डीटीपी फाँटमधला, कन्व्हर्टरमधून काढल्याशिवाय उपयोग नाही. नीट मराठी उमटलं तर युनिकोड, त्याचं ईपब, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी जुळवून घेणारं ई-पुस्तक, करता येतं. त्यासाठी संगणकावर कॅलिबर हा प्रोग्रॅम वापरा, फुकट आहे. पण पीडीएफवरून केलेलं ईपब एकदा नजरेखालून घाला, ओळी मध्येच तुटतात, जोडाक्षरं फुटतात. ते काम तुम्हाला काय सांगायचं म्हणा!

स्कॅनसाठी, म्हणजे फोटोवाल्या फाइलींसाठी: समास छाटा आणि यंत्र आडवं धरा. आडवी रुंदी पावणेपाच इंचांच्या आसपास, म्हणजे अक्षर जवळजवळ मूळ आकाराचं. पान दोन-तीन घासांत वाचावं लागतं, एवढंच. मी लोकलमध्ये असंच वाचतो, दांडी धरून एका हाताने. दहा इंची तिथे उघडून दाखवा!

जुनी पुस्तकं हवी असतील तर आधी मराठी विकिस्रोत हे संकेतस्थळ चाळा, तिथून थेट ईपब उतरवता येतं.

सांगलीची_मावशी:
भाऊ, ल-श चं कारण बहुतेक फाइलमध्येच असेल. पुस्तकाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली नसली की काही फाँट हिंदी वळण दाखवतात. फाइलला कुलूप नसेल तर कॅलिबरमध्ये भाषा बदला. एवढ्याने भागलं नाही तर रूपांतर करताना मराठी वळणाचा फाँट पुस्तकातच घालून टाका. खिंडारांसाठी अलाइनमेंट डावीकडे करा. आमच्या ह्यांना उजवी कडा फाटकी दिसते म्हणून आवडत नाही, मला फरक पडत नाही.

खिळेजुळारी (पुणे):
मावशी, फाँट आत घातला आणि ल ताळ्यावर आला. उजवी कडा डोळ्यांना खुपते, पण खिंडारांपेक्षा परवडली. कर्जतकर, माझ्या निम्म्याहून जास्त फाइली फोटोच निघाल्या. आडवं धरून वाचतोय, दहा इंचीचा विचार सोडला.

एक नवीनच भानगड. ‘वाऱ्यावर’ शोधलं, तर काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी डोळ्यांसमोर असून सापडत नाही. असं का?

कर्जत_फास्ट:
तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. कुणी नुक्त्याच्या ऱ पासून करतं, कुणी साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतं. दिसायला एकच, यंत्राला वेगळे. कॅलिबरच्या संपादकात शोधा-बदला चालवून सगळे एकाच तऱ्हेचे करून घ्या.