पॅकिंग नवे, गळती जुनीच : ‘अजून पाव फेरा आवळा’ या सल्ल्याला उत्तर

तेलकट बाही :
टॅपेट कव्हरच्या (म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरच्या, इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) गळतीबद्दल ‘दहाचा पाना’ यांनी काल जो सल्ला दिला, त्याखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग वाढत चालल्यामुळे हे वेगळे लिहीत आहे. ‘नवखा हात’ या सदस्यांचा प्रश्न साधा होता : व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट, म्हणजे पॅकिंग, स्वतः बदलले, तिसऱ्या दिवशी इंजिनाच्या मागच्या अंगाला पुन्हा तेल दिसले आणि जळका वास येऊ लागला, आता काय तपासावे? उत्तर आले ते असे : ‘नवे पॅकिंग बसायला वेळ घेते. सगळे बोल्ट अजून पाव फेरा आवळा. तरी गळाले तर उघडून सगळीकडे सिलिकॉन लावा.’ काय तपासावे असे विचारणाऱ्याला काय आवळावे ते सांगितले गेले, आणि माझी चीड तिथूनच सुरू होते.

तेल दिसले म्हणजे ते नव्या गॅस्केटमधूनच आले, हे ठरवले कोणी? जुने गॅस्केट महिनोन्‌महिने पाझरत असते, तेव्हा ते तेल हेडच्या (कव्हर ज्यावर बसते त्या भागाच्या) खाचाखोचांत आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या तापट नळ्यांच्या) पत्र्यामागे साचून राहते. काम झाल्यावर इंजिन तापले की तेच पातळ होऊन खाली उतरते आणि काही दिवस वास येत राहतो. शिवाय कव्हरच्या शेजारीच कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) सेन्सरची ओरिंग, म्हणजे रबरी कडी, असते, व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या व्हीव्हीटी सोलेनॉइडची ओरिंग असते, काही इंजिनांत हेडच्या मागच्या टोकाला कॅमचे बूच असते. तेल उतार शोधते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकलले जाते, म्हणून थेंब जिथे लटकतो त्याच्या वर आणि पुढे उगम शोधायचा असतो. इंजिन थंड असताना धुवून पूर्ण कोरडे करावे, संशयित सांध्याखाली टाल्कम पावडर भुरभुरावी, थोडा वेळ चालवून टॉर्चच्या उजेडात पाहावे. पावडरीवर पहिली ओली रेघ उमटते ती खोटे बोलत नाही. तेवढ्यानेही कळले नाही तर तेलात यूव्ही डाय (जांभळ्या दिव्याखाली चमकणारा रंग) टाकण्याची सोय आहेच.

आता पाव फेऱ्याविषयी. हे बोल्ट बहुतेक एम-६ (६ मिलिमीटर जाडीचे) असतात आणि त्यांचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटर. अनेक कव्हरांचे बोल्ट कॉलरवाले असतात. कॉलर हेडला टेकली की रबर किती दबायचे ते ठरून गेलेले असते, त्यापुढचा पाव फेरा फक्त अॅल्युमिनियमच्या आट्यांना भोगावा लागतो. अशा कव्हरात दाब देणारी वस्तू असते ती बोल्टाखालची रबरी वायसर, आणि ती दगडासारखी झाली असेल तर नवे गॅस्केट आणि अचूक टॉर्क असूनही कव्हर सैलच राहते. त्या वायसरींचे नाव कालच्या सबंध चर्चेत एकदाही आले नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे पीसीव्ही, इंजिनातला कोंडलेला वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह आणि त्याची वाट. पिस्टनच्या रिंगांमधून निसटणारा वायू क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) जमतो आणि त्याला बाहेर काढणारी वाट चोंदली, तर तो आतून तेल ढकलत सर्वांत कमकुवत सांधा गाठतो. मी स्वतः एकाच इंजिनावर दोन गॅस्केट वाया घालवली. तिसऱ्या वेळी तेल भरण्याच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून इंजिन सुरू केले, तर मोज्याची पाचही बोटे उभी राहिली. ब्रीदरची, म्हणजे त्याच वाटेची, नळी काढली तेव्हा तिच्यात काळा चिकट गाळ इतका घट्ट बसला होता की पेचकसही आत जाईना. दोन गॅस्केटांना दोष देत होतो, आणि दोष एका नळीचा होता.

दहाचा पाना :
आपला लेख वाचला. चार ओळींच्या उत्तराला एवढा मोठा लेख मिळण्याचे भाग्य सर्वांना लाभत नाही, त्याबद्दल आभारी आहे. तापलेल्या मॅनिफोल्डवर ज्याचे तेल पडते आहे, त्याला त्या क्षणी पावडर आणि जांभळा दिवा नको असतो, तेल थांबायला हवे असते. सत्तावीस वर्षे मी टॅपेट कव्हरे उघडतो आणि लावतो आहे. नवे पॅकिंग लावून इंजिन एकदा तापून थंड झाले की बोल्ट पुन्हा हलके आवळायचे, ही गोष्ट मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवली, आणि तेव्हापासून माझ्याकडे परत आलेली गाडी मला आठवत नाही. आपल्या मोज्याची पाच बोटे उभी राहिली म्हणून सर्वांच्याच राहतील, हा तर्कही मला थोडा ताणलेलाच वाटतो. मोज्यापेक्षाही जास्त.

फीलर गेज :
दहाचा पाना, आपल्या गुरूंनी शिकवले ते बरोबरच होते, पण ते कॉर्कच्या पॅकिंगसाठी होते. कॉर्क दबतो आणि खचतो, म्हणून तो पुन्हा आवळावा लागत असे. आजचे रबरी गॅस्केट खाचेत बसते आणि त्याला पुन्हा आवळण्याची गरज नसते. माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. या सगळ्या वादात ‘टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला क्लिक करणारा पाना) वापरला होता का’ हा प्रश्न कोणीच विचारलेला नाही. ‘हलके’, ‘पाव फेरा’, ‘हाताला लागेल इतके’ ही मापे नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या कव्हराच्या कडेवर सरळ पट्टी ठेवली की बोल्टांच्या मध्ये फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) जातो, कारण कोणीतरी ‘हाताला लागेल इतके’ आवळून पत्रा बोल्टापाशी वाकवलेला असतो.

दहाचा पाना :
टॉर्क रेंचचा धर्म स्वीकारलेल्यांना एक प्रश्न. बोल्ट फिरवताना लावलेल्या जोरापैकी बराचसा जोर आट्यांत आणि डोक्याखालच्या घर्षणात जातो, प्रत्यक्ष दाबायला उरतो तो साधारण एक दशांश. आट्यांवर तेल असले की त्याच आकड्यावर दाब बराच वाढतो, आणि टॅपेट कव्हराच्या बोल्टावर तेल नाही असे मी कधी पाहिलेले नाही. मग आपला रेंच नेमके काय मोजतो? माझे मनगट निदान बोल्ट गुळगुळीत फिरतो आहे की कचकचत फिरतो आहे, एवढे तरी सांगते. त्यातून बहुतेकांकडे असतो तो चाके आवळण्याचा मोठा रेंच. २०० न्यूटन-मीटरच्या रेंचवर १० लावून आपण काय ऐकणार आहात?

आठवा बोल्ट :
एवढ्यापुरता मी दहाचा पाना यांच्या बाजूचा आहे, कारण माझा बोल्ट मनगटाने नव्हे, रेंचने तुटला. पुस्तिकेत ८९ हा आकडा होता, मी रेंच ८९ वर लावला आणि क्लिक ऐकू येईल म्हणून कान देऊन बसलो. क्लिक काही आले नाही, बोल्टाचे डोके मात्र सॉकेटमध्ये निघून आले. पुस्तिकेतला आकडा इंच-पाउंडांत होता आणि माझा रेंच फूट-पाउंडांत. एका फुटात बारा इंच असतात हे मला शाळेत शिकवले होते, पण बॉनेटखाली ते आठवले नाही. उरलेला तुकडा हेडमधून काढायला अख्खी सुट्टी गेली.

फीलर गेज :
म्हणजे आकडा वाचता आला नाही, हा दोष रेंचच्या माथी मारायचा! तुमच्या अनुभवाबद्दल वाईट वाटते, पण तो रेंचविरुद्धचा पुरावा नाही, वाचनाविरुद्धचा आहे. आणि दहाचा पाना, मोठा रेंच चुकीचा हे मला मान्यच आहे. क्लिकच्या रेंचची अचूकता सहसा त्याच्या कमाल मापाच्या २० टक्क्यांपासून पुढेच सांगितलेली असते, म्हणून २०० चा रेंच ४० च्या खाली वापरू नये. पाव इंची छोटा रेंच त्यासाठीच मिळतो. आटे पुसून कोरडे करावेत, मधल्या बोल्टापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. यात धर्म कुठे आला? मनगटाची खात्री सत्तावीस वर्षांनी येत असेलही, पण प्रश्न विचारणाऱ्याचे मनगट तीन दिवसांचे आहे, एवढे तरी ध्यानात घ्या.

दहाचा पाना :
ज्यांना बोल्ट कळत नाही त्यांनी आकडे पाठ करावेत. माझे यावरचे बोलणे संपले.

धातूचा माणूस :
आपण दोघे ज्या कव्हरावरून भांडता आहात, ते आता अनेक गाड्यांत धातूचे उरलेलेच नाही, हे कोणीतरी सांगायला हवे. प्लॅस्टिकचे कव्हर उष्णतेने वर्षानुवर्षे भाजले की कडेने वाकते किंवा बोल्टाच्या भोकापाशी केसासारखी चीर जाते, आणि मग त्याखाली कोणतेही गॅस्केट ठेवा, काही उपयोग होत नाही. त्यातही संतापाची बाब म्हणजे अनेक इंजिनांत पीसीव्हीचा पडदा त्या कव्हरातच कोंबलेला असतो. पडदा फाटला की इंजिन शीळ घालू लागते आणि आत इतकी ओढ निर्माण होते की चालू इंजिनावर तेलाचे झाकण उचलताना ते हाताला धरून ठेवते. रबराच्या एका तुकड्यासाठी संपूर्ण कव्हर बदलायचे! पूर्वी दहा मिनिटांत बदलता येणारा व्हॉल्व्ह कोणाला खुपत होता, हे मला आजवर कळलेले नाही.

तेलकट बाही :
धातूचा माणूस यांच्याशी सहमत. मात्र रेंच आणि मनगट यांच्या लढाईत मूळ गाडी अजून गळतेच आहे, म्हणून सिलिकॉनचा राहिलेला मुद्दा लिहितो. रबरी गॅस्केट कोरड्या खाचेत कोरडेच बसवायचे असते. सगळीकडे सिलिकॉन फासले की ते रबर दाबाखाली घसरून बाहेर येते. आतल्या बाजूला पिळून निघालेली कड पुढे सुटते आणि तेलाबरोबर खाली जाते. एका इंजिनाचा ऑइल पॅन उतरवला होता, तेव्हा पंपाच्या जाळीवर लाल सिलिकॉनचे तुकडे अडकलेले मी स्वतःच्या नखाने काढले आहेत. वरची गळती थांबवण्यासाठी खालचे बेअरिंग उपाशी ठेवण्यात कसले शहाणपण?

नवखा हात :
सर्वांचे आभार मानतो, आणि आधी एक कबुली देतो. दहाचा पाना यांचे उत्तर प्रथम आले, म्हणून त्याच रात्री मी पाव फेरा आवळला होता. गळती थांबली नाही. मग तेलकट बाही यांनी सांगितल्याप्रमाणे इंजिन धुवून पावडर मारली. ओली रेघ मागच्या डाव्या कोपऱ्यातून, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या) बाजूने आली, जिथे डोके घालता येत नाही आणि फोन उलटा धरून फोटो काढावा लागतो. हातमोजाही लावून पाहिला, तो लोळतच राहिला. पीसीव्ही स्वच्छ निघाला. आज कव्हर उघडले. त्या कोपऱ्यात, कॅमची शेवटची टोपी जिथे हेडला मिळते, तिथे गॅस्केट खाचेतून निसटून जिभेसारखे बाहेर आले होते आणि कव्हराच्या कडेखाली चिरडले होते. बहुधा कव्हर उलटे करून आत सरकवताना मीच ते पाडले असावे. जुने काढताना त्या सांध्यावर वाळलेला सिलिकॉनचा थेंब होता, तो घाण समजून खरवडला आणि नवा लावलाच नाही. स्पार्क प्लगच्या नळ्यांची सीलेही जुनीच ठेवली होती. दुसऱ्या प्लगच्या विहिरीत कॉइलचे टोक तेलात बुडलेले दिसले.

दहाचा पाना :
म्हणजे शेवटी सिलिकॉनच हवे होते. तेलकट बाही यांच्या मोज्याला मात्र आज कामच मिळाले नाही.

तेलकट बाही :
मोजा लोळला, पीसीव्ही निर्दोष निघाला, आणि माझे घोडे मी फार पुढे दामटले होते, हे मान्य करतो. सिलिकॉनही हवे होते, हेही मान्य. दोन सांध्यांवर दोन थेंब, ‘सगळीकडे’ नव्हे. नवखा हात, पुढच्या बाजूला टायमिंग कव्हर हेडला मिळते तो सांधाही तपासा, तिथेही बहुधा असाच थेंब असतो. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसा, थेंबावर साय धरण्याआधी कव्हर बसवा, आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत किल्ली फिरवू नका. चिरडलेले गॅस्केट पुन्हा वापरू नका, ते कितीही नवे दिसले तरी. प्लगच्या नळ्यांची सीले आणि बोल्टांखालच्या वायसरी या वेळी सोबतच बदला.

नवखा हात :
तसेच करतो. फक्त एक अडचण आहे. त्याच कोपऱ्यातला बोल्ट आता आवळतच नाही, नुसता फिरतो. काढला तेव्हा त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली.

फीलर गेज :
पाव फेरा.

दहाचा पाना :
दिसले. त्याला हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवावी लागेल, एम-६, १ मिलिमीटर पिचची. ड्रिल मारण्याआधी भोकाभोवती चिंध्या कोंबा आणि आटे पाडणाऱ्या टॅपला ग्रीस लावा, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून वर येईल. एक कणही कॅमकडे जाता कामा नये. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा आणि भोक काटकोनातच धरा. हात थरथरत असेल तर करू नका, जमणाऱ्याकडून करून घ्या. आणि त्या बोल्टाला टॉर्क रेंच वापरा. छोटा.