‘विंडोज.ओल्ड’वर मालकी गाजवण्याचा सल्ला

हळदवाला, सांगली
काल येथे एकाने लिहिले की, ‘सी’ ड्राइव्ह भरला की ‘विंडोज.ओल्ड’, ‘विनएसएक्सएस’ आणि ‘इन्स्टॉलर’ या विंडोजच्या तिन्ही फोल्डरांची मालकी ‘टेकओन’ या आज्ञेने स्वतःकडे घ्यावी, ‘आयकॅकल्स’ या आज्ञेने पूर्ण अधिकार मिळवावेत आणि सरळ पुसून मोकळे व्हावे. पहिले फोल्डर म्हणजे जुन्या प्रणालीची उरलेली प्रत आहे. मागे परतण्याची १० दिवसांची मुदत संपली की विंडोज ती स्वतःच काढते, आणि घाई असल्यास विंडोजच्याच डिस्क क्लीनअप या सफाईच्या सोयीतून ती काढता येते. बाकीची दोन फोल्डरे उरलेली नसून वापरातली आहेत: ‘विनएसएक्सएस’मध्ये विंडोजचे घटक असतात आणि ‘इन्स्टॉलर’मध्ये सॉफ्टवेअर अद्ययावत करायला किंवा काढायला लागणाऱ्या फायली. माझ्या भाच्याने मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानाच्या संगणकावरचे ‘इन्स्टॉलर’ रिकामे केले. महिनाभर काहीच बिघडले नाही, म्हणून तो ऐटीत होता. नंतर हिशेबाचे सॉफ्टवेअर अद्ययावत करायला बसलो, तर ते एक एमएसआय (म्हणजे मांडणीची) फाइल मागू लागले आणि ती पुसलेल्यांतच होती. सॉफ्टवेअर धड अद्ययावतही होईना आणि काढताही येईना. बाहेर हमाल पट्टीसाठी खोळंबले होते आणि मी वहीत आकडे मांडत होतो.

पोवई नाका
तो लिहिणारा मीच. माझ्या लॅपटॉपची डिस्क १२८ जीबीची आहे. दुकानदाराने ‘पुष्कळ होते’ असे सांगून ती गळ्यात मारली, हा राग वेगळाच. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर ‘ट्रस्टेडइन्स्टॉलरची (म्हणजे विंडोजच्याच अंतर्गत खात्याची) परवानगी घ्या’ हे मी का ऐकावे? आपले डिस्क क्लीनअप मी दोनदा चालवले, तरी ‘विंडोज.ओल्ड’मध्ये प्रिंटर ड्रायव्हरच्या चार फायली ठाण मांडून आहेत. शिवाय ‘विनएसएक्सएस’ ११ जीबी दिसते, त्याचे काय?

गणपती पेठ
दिसते, तेवढे ते नसते. त्यातल्या बऱ्याच फायली हार्ड लिंकने, म्हणजे एकाच फाइलच्या दुसऱ्या नोंदीने, विंडोजच्या ‘सिस्टीम३२’ फोल्डरातही नोंदलेल्या असतात. एकाच माणसाचे नाव दोन गावांच्या मतदार यादीत असावे, तसा हा प्रकार आहे. एका यादीतून नाव खोडल्याने घरातला माणूस कमी होत नाही. खरा आकार विंडोजच्या ‘डिस्म’ या आज्ञेच्या ‘ॲनालाइझ कंपोनंट स्टोअर’ने कळतो आणि सफाई ‘स्टार्ट कंपोनंट क्लीनअप’ने होते. त्याला ‘रीसेट बेस’ जोडल्यास आधीचे अपडेट पुन्हा काढता येत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

पोवई नाका
मतदार यादीचे प्रवचन ऐकून माझी डिस्क रिकामी होत नाही. ज्याचा आकार खुद्द एक्सप्लोररला नीट सांगता येत नाही, त्या फोल्डरावरून मला अडाणी ठरवू नये.

हळदवाला, सांगली
अडाणी कोणी म्हटले नाही. पण आपला सल्ला वाचून दुसऱ्या कोणाचे दुकान अडू नये, एवढ्यासाठी मी लिहिले. जागाच हवी असेल, तर ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याची सोय) बंद करावे, त्यासाठी ठेवलेली ‘हायबरफिल’ ही काही जीबींची फाइल तत्काळ जाते. त्यासोबत संगणक झटपट सुरू करणारे ‘फास्ट स्टार्टअप’ही जाते, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या त्याचाही ठपका माझ्यावर यायचा.

पोवई नाका
हायबरनेशन बंद केले. पाच जीबी मिळाले, आभारी आहे. ‘विनएसएक्सएस’ला हात लावला नाही, समाधान मानावे. त्या चार ड्रायव्हर फायली मात्र ‘टेकओन’नेच गेल्या आणि संगणक व्यवस्थित चालू आहे.

हळदवाला, सांगली
क्लीनअपनंतर उरलेल्या त्या चार फायलींपुरते आपले बरोबर, हे मान्य करतो. भाच्याला मात्र हा धागा दाखवणार नाही.