कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवणं थांबवावं का?

माणदेशी: कोयना धरणाचं ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायची मुभा कृष्णा लवादाने, म्हणजे कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या न्यायाधिकरणाने दिली. ते घाटाखालच्या पोफळी, अलोरेच्या वीजघरांतून वाशिष्ठीत आणि शेवटी समुद्रात जातं. तेच नदीत सोडलं तर कराडला कृष्णेत येईल, टेंभू उपसा सिंचन योजना ते पंपांनी उचलून दुष्काळी आटपाडी-सांगोल्याला देईल. सौर वीज स्वस्त झाली, आता हे वळवणं टप्प्याटप्प्याने बंद करा.

घाटाखालचा: सौर वीज स्वस्त आहे, पण दिवसा. दिवेलागणीला ती शून्यावर येते आणि राज्याची मागणी तेव्हाच चढते. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही. निर्मिती क्षणभरही मागणीला कमी पडली तर ग्रिडची ५० हर्ट्झची वारंवारता घसरते. राज्याची वीजनिर्मिती आणि मागणी जुळवणाऱ्या कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून निरोप आला की कोयनेचे संच काही मिनिटांत भार उचलतात. थंड पडलेल्या कोळशाच्या संचाला कित्येक तास लागतात. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट, त्यातले १,००० एकट्या चौथ्या टप्प्याचे. एवढ्या वेगाने हाताशी येणारं दुसरं काय आहे आपल्याकडे?

माणदेशी: धरणाच्या पायथ्याशीही वीजघर आहे की. पूर्वेला सोडलेल्या पाण्यावरही वीज होतेच.

घाटाखालचा: ते ४० मेगावॉटचं. सगळा खेळ उंचीचा आहे. पोफळीला पाणी साडेचारशे मीटरहून जास्त खाली येतं, घनमीटरमागे एक युनिटच्या वर वीज मिळते. पायथ्याशी शंभर मीटरही उतार नाही. शिवाय टेंभूचे पंप वीज खाणार, ती वेगळीच.

वाशिष्ठीकाठ: समुद्रात वाया जातं म्हणू नका. चिपळूण भागाचं पिण्याचं पाणी आणि कारखाने याच अवजलावर, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्यावर आहेत.

शिवसागर: धरणात आमची गावं बुडाली. पुनर्वसनाचे प्रश्न अजून लटकलेले आहेत आणि पाणी कुणाचं या वादात आमचं नावही निघत नाही, याचा राग येतो. बाकी संध्याकाळची गरज खरी आहे. पण घाटघरला २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र आहेच: तेच पाणी खाली सोडायचं, स्वस्त विजेच्या वेळी पुन्हा वर चढवायचं. अशी केंद्रं वाढवा, तेवढा पश्चिमेचा वाटा कमी करा.

माणदेशी: मान्य. पण ती होईपर्यंत निदान दुष्काळी वर्षी पहिली कात्री विजेच्या कोट्याला लागावी. डाळिंबाची बाग एकदा वाळली की पुढच्या पावसाने परत येत नाही.

घाटाखालचा: कात्री लावा, पण दिवसाच्या निर्मितीला. संध्याकाळच्या चार तासांना हात लावू नका.